मुहूर्ताचा हात

नरहर चांदोरकरांचा उजवा हात वर गेल्याशिवाय रायपुरात मराठी माणसाचं लग्न लागत नसे. यात अतिशयोक्ती असेल तर ती चांदोरकरांची, आमची नाही. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो बारा वाजून एकवीस मिनिटांचा. गुरुजी मंगलाष्टकं म्हणण्यात गुंग असतात, त्यांना वेळेचं भान नसतं. स्वतः रचलेलं मंगलाष्टक घेऊन माइकपाशी उभ्या असलेल्या मावशीला तर कशाचंच भान नसतं. तेव्हा कुणीतरी एक शहाणा माणूस घड्याळाकडे बघत मांडवात उभा लागतो. मिनिट भरलं की त्यानं हात वर करायचा. मग शेवटचं 'सावधान', अंतरपाट खाली, अक्षता वर आणि धर्मपालचा बँड सुरू. हा शहाणा माणूस म्हणजे बावीस वर्षं चांदोरकर होते.

शुभकार्यात डावा हात कसा वर करायचा, म्हणून ते घड्याळसुद्धा उजव्या मनगटात बांधत. वेळ बघायचा हात तोच आणि खूण करायचा हातही तोच. ही व्यवस्था चावीच्या घड्याळाबरोबर उत्तम चालली. पण एका उन्हाळ्यात ते घड्याळ बंद पडलं, आणि सदर बाजारातल्या ज्या दुकानात ते दर दोन वर्षांनी तेल-पाणी करायला जात, तिथे मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसली. "चाचा, ये अब कोई नहीं बनाता," दुकानदाराच्या मुलानं सांगितलं आणि त्यांना एक कव्हर दाखवलं. मोबाइलमध्ये वेळ बघा की, असंही लोकांनी सुचवलं. त्यावर चांदोरकरांचं उत्तर ठरलेलं होतं. मुहूर्त खिशातून काढायचा नसतो.

त्याच सुमारास त्यांची मुलगी गंधाली पुण्याहून आली. ती तिथे नोकरीला होती आणि तिनं स्वतःसाठी नवं स्मार्टवॉच घेतलं होतं, म्हणून जुनं बाबांसाठी आणलं होतं. पूर्वी बापाची पँट अल्टर करून मुलांना घालत असत. आता मुलांची यंत्रं उतरून बापाच्या अंगावर येतात. काळ बदलला म्हणतात तो असा.

"बाबा, याची स्क्रीन बॅटरी वाचवायला बंद राहते," गंधालीनं समजावलं. "हात उचलून मनगट वळवलं की लागते."

चांदोरकरांनी घरात चाळीस वेळा हात उचलून पाहिला. एकतीस वेळा स्क्रीन लागली. विद्यापीठाच्या हिशेबानं हा प्रथम वर्ग होता.

देवपुजाऱ्यांच्या निधीच्या लग्नात ते नेहमीच्या जागी उभे राहिले. समोर अंतरपाट, अलीकडे निधी, पलीकडे नवरदेव, कोपऱ्यात तुतारी तोंडाला लावून धर्मपाल. निधीची आई रिवाजाप्रमाणे बाहेर तुळशीपाशी पाण्याची झारी घेऊन उभी. वधूच्या आईनं लेकीचं लग्न लागताना बघायचं नसतं. गुरुजी नद्यांची नावं घेत होते. चांदोरकरांनी मनगट हळूच वळवलं. अंधार. थोडं वर उचलून वळवलं. तरी अंधार. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुरता वर नेला आणि झोकात फिरवला. स्क्रीन लागली. बारा वाजून सोळा मिनिटं, आणि मुहूर्त होता बारा एकवीसचा.

पण तेवढ्यात धर्मपालनं तुतारी फुंकली होती. बावीस वर्षांत तो हात त्यानं कधी उगाच वर गेलेला पाहिला नव्हता, त्यात त्याची काय चूक. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात सोडले, तीनशे माणसांनी अक्षता फेकल्या आणि निम्म्या नद्या बाकी असताना गुरुजींचं तोंड उघडं राहिलं. आई बाहेर अजून झारीचं तोंड शोधत होती. निधीचं लग्न पाच मिनिटं आधी लागलं. संसार तिचा छान चालला आहे, जुळी मुलं आहेत. पण घरात भांडण झालं की तिच्या सासूबाई आजही चांदोरकरांचं नाव काढतात.

*

रायपुरातल्या मराठी स्नेह समाजाच्या अध्यक्षा पद्मिनीताई म्हणजे शिस्तीचं माणूस. त्यांनी पुढच्याच रविवारी सभा बोलावली आणि 'मुहूर्त-संकेत उपसमिती' नेमली. हात वर करण्याचं काम चांदोरकरांकडून काढून त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या पांडुरंग खापऱ्यांकडे दिलं. खापरे वर्ध्याकडचे, रेल्वेत गार्ड होते.

"गार्डानं हिरवी झेंडी दाखवल्याबिगर गाडी हलत नाही, चांदोरकर," खापरे कुंपणावरून म्हणाले. "अन् गाडी येत नसली तं मी हात वर करत नाही. तुमी काहून केला?"

"स्क्रीन लावून राहिलो होतो."

"मले सांगा, तुमाले स्क्रीन लावाची होती का लगन?"

खापरे लग्नात हात वर करत नसत, खिशातून हिरवा रुमाल काढून हलवत. चांदोरकरांच्या मते हा मंगलकार्याचा अपमान होता. लग्न म्हणजे काय मालगाडी आहे? पण सगळी लग्नं वेळेवर लागू लागली आणि त्यांना घरी बसून हे मत फक्त बायकोला, मीराताईंना ऐकवावं लागलं. मीराताई ते ऐकत आणि वरण ढवळत.

दोन वर्षांनी गंधालीनं घड्याळ बदललं आणि दुसरं चांदोरकरांकडे आलं. पहिलं मीराताईंच्या मनगटावर गेलं, कारण या घरात चालू वस्तू टाकून देत नाहीत, आणि बंद पडलेली तर मुळीच नाही. दुसऱ्यात नाडी मोजायचा हिरवा दिवा होता, बटण दाबलं तरी स्क्रीन लागत होती, आणि हे पाण्यात बुडालं तरी त्याला काही होत नव्हतं. चांदोरकरांनी लगेच उपसमितीकडे अर्ज केला. सोबत घड्याळाची छायाप्रत. म्हणजे घड्याळ चक्क झेरॉक्सच्या काचेवर ठेवून काढलेली. दुकानदाराला तीनदा समजावून सांगावं लागलं.

पद्मिनीताई म्हणाल्या, "एकदम लग्न नाही देता येणार, नरहरभाऊ. आधी श्रद्धांजली करून दाखवा."

समाजाच्या एका जुन्या सभासदांचं निधन झालं होतं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि दोन मिनिटं भरली की चांदोरकरांनी हात वर करायचा. काम सोपं होतं. दुर्दैवानं ते आधी हात धुऊन आले. या पिढीच्या घड्याळाला पाणी लागलं की ते स्वतःला कुलूप लावून घेतं. मग बोट लावा, बटण दाबा, ते ऐकत नाही. बाजूची चकती फिरवावी लागते. सभागृहात चिटपाखरू हलत नव्हतं. स्वर्गवासी सभासदांच्या पत्नी पहिल्या रांगेत मान खाली घालून उभ्या होत्या. चांदोरकरांनी चकती फिरवली आणि घड्याळानं आत शिरलेलं पाणी बाहेर फेकण्यासाठी एक लांबलचक, घोगरा आवाज काढला. माणूस पोट बिघडल्यावर काढतो तसा. एकदा नाही, दहा वेळा.

चांदोरकर त्या दिवशी कुणालाच सांगू शकले नाहीत की तो आवाज घड्याळाचा होता. सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार.

*

तिसरं घड्याळ आलं ते मात्र खरोखर त्यांच्यासाठी घडवल्यासारखं. याची स्क्रीन कायम लागलेली. हात उचलायला नको, वळवायला नको. चांदोरकर आठ दिवस नुसते त्याच्याकडे बघत बसले. अभनपूरला मीराताईंच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज होती आणि तिथे खापऱ्यांचा अंमल चालत नव्हता.

"मुंजीत काय, घरचंच काम आहे," भाऊ म्हणाला. "तुम्हीच हात करा, भाऊजी."

कार्यालय शेतात होतं, म्हणून चांदोरकरांनी घड्याळालाच रस्ता विचारला. घड्याळानं रस्ता दाखवला, दोनदा चुकवला, पुन्हा दाखवला. आता कायम जागं राहणारं यंत्र, त्यात रस्ता शोधायचं काम, आणि बॅटरी गंधालीनं दोन वर्षं वापरून थकवलेली. मुहूर्त होता अकरा वाजून चार मिनिटांचा. दहा अठ्ठावन्नला स्क्रीन एकदा लाल झाली आणि विझली.

अब्रूचा प्रश्न होता. चांदोरकरांनी मनातल्या मनात सेकंद मोजायला सुरुवात केली. सहा मिनिटं म्हणजे तीनशे साठ. दोनशे बारापर्यंत ते अत्यंत शांतपणे आले. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी कानात विचारलं, "जेवणात सुधारस आहे का श्रीखंड?" चांदोरकर म्हणाले "श्रीखंड", आणि आकडा हरवला. पुढे त्यांनी अंदाजानं हात वर केला. बटू तोवर आईच्या खांद्यावर झोपला होता.

चौथ्या घड्याळाला लोक घाबरले ते वेगळ्याच कारणानं. त्यात सिमकार्ड होतं, म्हणजे मोबाइल घरी विसरला तरी फोन लागे. शिवाय माणूस पडला तर त्याला कळे. माणसानं उत्तर दिलं नाही तर ते आपणहून मदत बोलावी. एवढी काळजी चांदोरकरांची आजवर कुणीच घेतली नव्हती. थोरातांच्या लग्नात ते नुसते पाहुणे म्हणून गेले होते, हात खापऱ्यांचा. हिरवा रुमाल हलला. खापऱ्यांवरचा सगळा राग चांदोरकरांनी अक्षता फेकण्यात ओतला आणि त्यांचा हात मांडवाच्या लोखंडी खांबावर धाडकन आपटला. घड्याळानं विचारलं, तुम्ही पडलात का? बँडच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार.

मिनिटभरात मनगटातून एक बाई हिंदीत बोलू लागल्या. काय मदत हवी, त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं, शादी है," चांदोरकर मनगटात ओरडले.

"आपको किसी ने पकड़ रखा है क्या?"

खापरे त्यांचा हात बघायला म्हणून खरंच त्यांना धरून उभे होते. चांदोरकर खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "हाँ, लेकिन पड़ोसी है."

पंगत बसायच्या वेळी पोलिसांची गाडी आली. दोन शिपायांनी वधूला एकटीला बाजूला घेऊन विचारलं की हे लग्न तुमच्या मर्जीनं होतंय ना. मर्जीनं आहे म्हटल्यावर ते जेवून गेले. जिलेबी त्यांना आवडली. थोरात मात्र अजून चांदोरकरांशी बोलत नाहीत.

*

या सगळ्यात गंधालीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, यशोधन नाव. मुहूर्त अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. मुलीनं पुण्याला परत जाताना पाचवं घड्याळ, या वेळी चक्क नवंकोरं, बाबांच्या हातात बांधलं.

"स्क्रीन कायम चालू. बॅटरी तीन दिवस. पाण्याचा आवाज येत नाही. खांबावर आपटून बघितलंय मी," ती म्हणाली. "माझ्या लग्नात हात तुम्हीच वर करायचा. दुसरा कुणी केला तर मी हार घालणार नाही."

चांदोरकरांना त्या रात्री झोप लागली नाही, हे घड्याळानं सकाळी सांगितलं. एवढं एकच त्यांना आता आयुष्यात हवं होतं. शे-दीडशे परक्या मुलींची लग्नं त्यांनी हात वर करून लावली आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात खापऱ्यांचा रुमाल बघत उभं राहायचं?

पण समाजाच्या हॉलच्या अर्जात रकाना होता, 'संकेतकाचे नाव', आणि खाली बारीक अक्षरात, 'संकेतक हा वधूवरांचा जवळचा नातेवाईक नसावा'. हा नियम निधीच्या लग्नानंतर कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. चांदोरकर तीनदा पद्मिनीताईंकडे गेले. पहिल्यांदा त्यांनी लेखी मागितलं. दुसऱ्यांदा घड्याळाचं वेळ-प्रमाणपत्र मागितलं. ते कोण देतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी घड्याळ हॉलच्या घड्याळाशी ताडून बघायचं ठरलं. पण हॉलचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं, लोकांनी लवकर उठून हॉल रिकामा करावा म्हणून ते मुद्दाम पुढे ठेवलं जातं, असं वॉचमननं सांगितलं. म्हणजे बावीस वर्षांत या हॉलमध्ये खरी वेळ फक्त चांदोरकरांच्या हातावर होती. हा मुद्दा त्यांनी सभेत मांडला.

तेव्हा खापरे उठले. चांदोरकरांनी डोळे मिटून घेतले.

"पोट्टी त्याची हाय," खापरे म्हणाले. "चुकला तं तिच्याच लग्नात चुकन. लेकिन हात त्यालेच करू द्या. म्या त्याच्या बाजूनं उभा राह्यतो, रुमाल घेऊन. गरज पडली तं पाहू."

ठराव पास झाला. चांदोरकर बाहेर येऊन खापऱ्यांना काहीतरी म्हणणार होते. पण शेवटी ते एवढंच म्हणाले, "चहा घ्या घरी." खापरे म्हणाले, "हव," आणि चहा घेऊनच गेले.

*

लग्नाच्या दिवशी सकाळपासून घड्याळ निर्दोष चालत होतं. चांदोरकरांनी ते दर तीन मिनिटांनी बघितलं. पाचव्या पिढीची एक गंमत अशी की ती आता सगळ्यांकडेच होती. वरपक्षातल्या परागमामांपासून धर्मपालच्या डफवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या मनगटावर अकरा चव्वेचाळीस, अकरा पंचेचाळीस, सगळं एकाच सेकंदाला बदलत होतं. चुकायला आता कुणालाच जागा उरली नव्हती. खरं बोलायचं तर हात वर करणाऱ्याचीही गरज उरली नव्हती. चांदोरकरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांना जरा कसंतरी झालं.

मीराताई रिवाजाप्रमाणे बाहेर तुळशीपाशी गेल्या. जाताना त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि मागे वळून बघितलं नाही. चौथं घड्याळ त्यांच्या हातात होतं. नव्या घड्याळानं बाबांच्या तब्येतीची काही कुरकुर केली तर ती आईच्या हातावर कळावी, अशी सोय गंधालीनं करून ठेवली होती.

अकरा सेहेचाळीस. अंतरपाटाच्या अलीकडे गंधाली हार धरून उभी होती. मुंडावळ्यांच्या आडून तिनं बाबांकडे बघितलं आणि अगदी थोडं हसली. शाळेच्या पहिल्या दिवशी रिक्षात बसल्यावर तिनं असंच बघितलं होतं. तेव्हा तिला हात हलवून टाटा करायला चांदोरकर विसरले होते. रिक्षा वळली आणि मग आठवलं.

अकरा सत्तेचाळीस झाले. तीनशे मनगटांवर झाले. सगळ्यांनी ते बघितलं आणि चांदोरकरांकडे बघितलं.

हात वर जाईना.

दुखत नव्हता, अवघडला नव्हता. डोक्याला सगळं कळत होतं. हात एकदा वर गेला की लेक नागपूरची होणार, एवढंच त्या हाताला कळलं होतं आणि तो खाली राहिला होता. गुरुजींनी चोरट्या नजरेनं पाहिलं आणि आणखी एक मंगलाष्टक काढलं. धर्मपाल तुतारी ओठांना लावून तसाच उभा. परागमामा स्वतःच्या घड्याळावर बोट आपटू लागले, पण अंतरपाट धरणाऱ्यांना कुणी सोडा म्हणालं नाही. खापऱ्यांचा हात खिशात गेला. हिरव्या रुमालाचं टोक बाहेर आलं. मग त्यांनी चांदोरकरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रुमाल पुन्हा आत कोंबला.

"सावकाश होऊ द्या," ते हळूच म्हणाले.

अकरा अठ्ठेचाळीस. चांदोरकरांच्या मनगटावर टकटक झालं. तुम्ही स्थिर उभे आहात, पण तुमचे ठोके एकशे चोवीस आहेत.

बाहेर तुळशीपाशी मीराताईंच्या मनगटावर तेच उमटलं. झारी त्यांच्या हातातून सुटली. पन्नाशीनंतर कुणी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. नऊवारीचा काठ हातात धरून, माणसं बाजूला सारत त्या थेट मांडवात आल्या, जिथे वधूच्या आईनं त्या वेळी असायचं नसतं.

"काय होऊन राहिलं तुम्हाला?"

"काही नाही," चांदोरकर म्हणाले. "हात उचलत नाही, मीरा."

मीराताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा अंतरपाटाकडे पाहिलं, अलीकडे उभ्या असलेल्या लेकीकडे, तिच्या हातातल्या हाराकडे. गंधालीच्या डोळ्यांतून आता घळघळा पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

"पोरगी उभी आहे केव्हाची," मीराताई म्हणाल्या. त्यांनी चांदोरकरांचं घड्याळासकट मनगट धरलं आणि दोघांचा हात मिळून वर नेला.

धर्मपालनं तुतारी फुंकली. अक्षतांनी मांडव भरून गेला. अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती, आणि इतक्या अचूक घड्याळांच्या गर्दीत कुणीच ते मोठ्यानं बोललं नाही. परागमामांनीही नाही.

चांदोरकरांनी हात खाली घेतला तरी मीराताईंनी मनगट सोडलं नव्हतं. तुळशीपाशी परत जा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही, आणि त्या गेल्याही नाहीत. लेक हार घालताना त्यांनी तिला डोळे भरून पाहिलं.